शिबिराच्या समारोपाला प्राण्यांची गाडी बोलवावी का? (भुसावळ)

रेल्वेकॉलनी
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीत दर उन्हाळ्यात लहान मुलांचं शिबिर असतं. मातीकाम, गोष्टी, थोडी चित्रकला, आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर नाचगाणी नि भेळ. यंदा समारोप एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येतोय. एका पालकांनी सुचवलं की नाचगाण्यांऐवजी प्राण्यांची गाडी बोलवू. एक जण बाहेरगावाहून छोटा हत्ती टेम्पो घेऊन येतो. त्यात ससे, गिनी पिग, शेळीची करडं, बदकं, कोंबडीची रंगीत पिल्लं, एक कासव, बोलका पोपट आणि एक मोठा हिरवा इग्वाना (परदेशी सरडा). मैदानात जाळी लावून मुलांना आत सोडतात. हात लावायचा, खाऊ घालायचा, फोटो काढायचे. दोन तासांचे नऊ हजार, डिझेल वेगळं. वेळ संध्याकाळी पाच ते सात. मुलं साधारण साठ, वय चार ते दहा.

समितीत दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, मुलांना नाचापेक्षा हे जास्त आवडेल. दुसरे म्हणतात, कुणाला चावलं-बोचकारलं तर निस्तरणार कोण? कुणी असं काही केलंय का? गाडीवाल्याला काय काय विचारावं?

वाघूरकाठ
बकरी दखाले नऊ हजार? ताई, आमना गावमा या, फुकट दखाडस. वर चहा बी पाजस.

केळीचा_घड
वाघूरकाठ भाऊ, गंमत बाजूला ठेवा. तुमच्या दारात शेळ्या आहेत म्हणून तुम्हाला हसू येतंय. माझा भाचा जळगावात चौथ्या मजल्यावर वाढला. पोळ्याला गावी नेला तर सजवलेल्या बैलापासून वीस हात लांब, आणि कोंबडी पायात आली की थेट आईच्या कडेवर. पुढे पुण्यात एका वाढदिवसाला अशी गाडी आली होती. तिथे आधी जाळीबाहेरून बघत बसला, मग हळूच एका करडाला पाला दिला. परत येताना गाडीत दुसरा विषय नाही. माझं मत, बोलवा. पैसे जास्त वाटत असतील तर पालकांकडून वर्गणी काढा.

चोपडा_पशुवैद्य
दवाखान्यात गायी-शेळ्या रोजच्या, ससे अधूनमधून. बाकी सगळं नंतर, आधी तारीख आणि वेळ बघा. एप्रिल, भुसावळ, संध्याकाळी पाच. सशाला ही वेळ चालणारच नाही.

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे कान आणि भराभर श्वास, एवढंच. पारा तिशीच्या वर गेला की त्याला जड जायला लागतं, आणि आपल्याकडे तेव्हा चाळिशी कधीच ओलांडलेली असते. पाच वाजता ऊन तिरपं झालं तरी जमीन भाजतच असते. त्यात टेम्पोचा पत्रा आणि बाहेरगावाहून येतानाचा भर दुपारचा रस्ता. गिनी पिगचंही तेच. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या थंड डोंगराळ मुलखातला. हे दोन्ही प्राणी शेळीसारखे ओरडून सांगत नाहीत. कोपऱ्यात गप्प बसतात आणि रात्री पिंजऱ्यात मेलेले सापडतात. तोवर तुमचा कार्यक्रम छान झालेला असतो.

आणखी एक. ससा मांडीवर निपचित बसला की सगळे म्हणतात, बघा किती लाडात आलाय. बहुतेक वेळा तो भीतीने थिजलेला असतो. मुलांनी तो उचलायचा तर नाहीच. त्याची हाडं हलकी आणि मागच्या पायांत ताकद दांडगी. कुणी वेडावाकडा धरला आणि त्याने झटका दिला, तर स्वतःचाच कणा मोडून घेतो.

करडं मात्र उन्हात त्यामानाने बरी तग धरतात. सावली आणि पाणी हवंच.

रेल्वेकॉलनी
डॉक्टर, धन्यवाद. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शिबिर हिवाळ्यात ढकलता येत नाही, शाळा असतात. मग सकाळी सात ते साडेआठ चालेल का? आणि पोपट, इग्वानाचं काय?

कोर्टातला_चहा
पोपट आणि इग्वाना आले म्हणून मी आलो.

बोलका पोपट म्हणजे आपला गळ्यात कंठी असलेला हिरवा पोपट असेल, तर विषय तिथेच संपला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो पाळताच येत नाही. घरी नाही आणि गाडीतही नाही. मुनिया आणि रानातला ससाही त्याच कायद्यात येतात. पिंजऱ्यातला पांढरा ससा वेगळा, तो परदेशी पाळीव जातीचा, त्याला हरकत नाही. कासव जर पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव असेल तर ते पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा आणखी कडक. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून साध्या गुन्ह्यांचा दंडही पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत गेलाय.

इग्वाना परदेशी, पण साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतला. असा प्राणी जवळ असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड, बजरीगार, कॉकटील यांची भानगड नाही.

दुसरं, करमणुकीसाठी लोकांसमोर प्राणी आणायचे तर २००१ च्या नियमांखाली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची नोंदणी लागते. तुमच्या कॉलनीतला खाजगी कार्यक्रम त्यात बसतो का, यावर वकील वाद घालतील. पण जो माणूस याच धंद्यावर गावोगाव फिरतो, त्याच्याकडे तो कागद असायला हवा. मागून बघा. वन्यजीव कायद्यात प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत 'एका जागी असो की फिरतं' असं स्पष्ट आहे, त्यामुळे 'आमचं काही झू नाही, आम्ही फिरतीवर असतो' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

केळीचा_घड
हिरवा पोपट तर निम्म्या खान्देशात ओसरीवर टांगलेला असतो हो!

कोर्टातला_चहा
असतो. म्हणून तो कायदेशीर होत नाही. आणि ओसरीवरच्या पोपटाचे फोटो साठ पालक स्टेटसला टाकत नाहीत.

नंदुरबारची_मावशी
रंगीत पिल्लांबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहिते. आमच्या जिल्ह्यात नवापूरला कोंबड्यांचे मोठाले फार्म आहेत, अंड्यांचे. अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं धंद्याला निरुपयोगी, ना अंडी देत ना अंगाने भरत. तीच स्वस्तात बाहेर पडतात, गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून आठवडे बाजारात पाटीत येतात, आणि अशा गाड्यांतही. गाडीवाल्याला ती परवडतात, कारण मेली तरी तोटा नाही. मुलं मुठीत आवळतात, संध्याकाळपर्यंत निम्मी माना टाकतात. एका दिवसाच्या पिल्लाला बत्तीस-पस्तीस अंशाची ऊब लागते. आपल्या उन्हाळ्यात ती आपोआप मिळते म्हणा, पण धुळ्या-नंदुरबारच्या थंडीत उघड्यावर ती कुठून आणणार?

शिवाय २००६ आठवतंय का? देशात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूरला झाला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, गावाची रया गेली. २०२१ ला परत तेच. तेव्हापासून आमच्याकडे कुठलंही कोंबडं कुठून आलं, हे विचारल्याशिवाय कुणी हात लावत नाही. तुम्हीही विचारा. आणि ते रंगीत पिल्लू कुणा मुलाने 'घरी नेऊ?' म्हटलं आणि गाडीवाला 'न्या' म्हणाला, तर त्या माणसाला दुसऱ्यांदा बोलवू नका.

प्राणीमित्र_खान्देश
इतकं सगळं वाचून तरी प्रश्न पडायला नको. प्राणी म्हणजे खेळणी नाहीत. बोलवूच नका. मुलांना माहितीपट दाखवा.

फिरतीवाला_धुळे
प्राणीमित्र, तुमचा राग समजतो, पण सरसकट नको. मी काही हिवाळे हेच काम केलंय, धुळे-अमळनेर-चाळीसगाव या पट्ट्यात. आता बंद आहे, कारण शेळ्यांचा गोठाच वाढला आणि दोन्ही जमेना. आतून कसं चालतं ते सांगतो, मग ज्याने-त्याने ठरवावं.

पहिली गोष्ट, मार्च ते जून गाडी बाहेर काढायचीच नाही. जो एप्रिलात खान्देशात ससे घेऊन यायला तयार आहे, त्याला सशांची किंमत एकतर माहीत नाही किंवा परवडते. दोन्हीत तुमचं काम नाही.

दुसरी, गाडीत जेवढे प्राणी जाळीत सोडणार तेवढेच आणखी आणायचे. अर्धे आत, अर्धे विश्रांतीला, अर्ध्या तासाने पाळी बदलायची. बघणाऱ्याला वाटतं, दहा ससे आणलेत आणि पाचच दाखवतो, पैसे खातोय. खात नसतो.

तिसरी, जाळीत लाकडी खोकी उपडी ठेवायची, एका बाजूने दार कापलेली. प्राणी खोक्यात गेला की मुलाने हात घालायचा नाही आणि मीही त्याला ओढून बाहेर काढायचा नाही. त्याला नको असेल तर नको. आयोजकांशी माझी सर्वांत जास्त भांडणं यावरच झाली. 'भाऊ, पैसे दिलेत, काढा की तो ससा बाहेर, साहेबांच्या मुलीला फोटो काढायचाय.' मी काढत नसे. परत बोलावणं येत नसे.

मुलं खाली सतरंजीवर बसवायची, पाय पसरून. प्राणी आपल्या पायाने मांडीवर आला तर आला. उचलायचं नाही, धावायचं नाही. एका वेळी आठ-दहाच आत, बाकीचे बाहेर गोष्ट ऐकत बसलेले. पाच वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाशिवाय आत नाही.

खाऊ मी माझाच द्यायचो, लसूणघास किंवा शेवरीच्या डहाळ्या. लांब डहाळी असली की बोट तोंडापर्यंत जात नाही. पाहुणे मात्र काहीही देतात. वेफर, केक, एकदा तर कुणीतरी करडाला ओंजळभर मका चारला. रवंथ करणाऱ्या जनावराने धान्य एकदम खाल्लं की पोट आंबतं, फुगतं, वेळेत कळलं नाही तर जातं. घरी येऊन रात्रभर त्याच्याजवळ बसलो होतो.

आणि डीजे! शेजारी डीजे लागणार असेल तर कृपा करून कुठलाच प्राणी बोलवू नका. फुगे फोडायचा खेळही नको. सशाने घाबरून खाणं सोडलं की त्याचं आतडं थांबतं, आणि ते परत सुरू करणं सोपं नसतं.

प्राणीमित्र_खान्देश
तुमच्यासारखे किती जण असतील?

फिरतीवाला_धुळे
थोडे. म्हणून तर लिहिलं. नऊ हजारांत दोन तास आणि आठ प्रकारचे प्राणी हे गणित नीट केलं तर बसत नाही. कुठेतरी काटछाट आहे, आणि ती प्राण्यांच्या वाट्याची आहे.

रावेर_पट्टा
वासरू आणा ना कुणाकडून तरी. गिरचं वासरू सशापेक्षा गोड दिसतं. फक्त लम्पीचं बघून घ्या. २०२२ ला राज्यातली पहिली लागण आमच्याच तालुक्यात, चिनावलला सापडली होती. पुढे कित्येक महिने बैलबाजार बंद, जनावर या गावचं त्या गावी नेता येईना.

चोपडा_पशुवैद्य
लम्पी माणसाला होत नाही, ती काळजी नको. पण अगदी लहान वासरू मुलांच्या गराड्यात मीही नेणार नाही. कोवळ्या वासरांना हगवण लागते, त्यातले काही जंतू, मुख्यतः क्रिप्टोस्पोरिडियम, माणसाच्या मुलांनाही तशीच हगवण लावतात. आणि इथे एक महत्त्वाचं. त्या जंतूवर हँड सॅनिटायझर चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

२००९ साली इंग्लंडमध्ये सरे परगण्यात एका फार्मवर मुलं प्राण्यांना हात लावून आली आणि ई. कोलाय ओ१५७ ची लागण ९३ जणांना झाली, बहुतेक दहा वर्षांखालची मुलं. काहींच्या मूत्रपिंडांवर गेलं. ते प्राणी आजारी दिसत नव्हते. हा जंतू गुरं-शेळ्यांच्या आतड्यात निवांत राहतो, त्यांना काही होत नाही. त्यामुळे 'आमची जनावरं एकदम ठणठणीत' या वाक्यावर हात धुणं सोडायचं नाही.

कासवाचंही असंच. त्याच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असतो. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान पाठीचं कासव विकायला १९७५ पासून बंदी आहे, ती मुलांना होणाऱ्या या आजारामुळेच. यादीतून कासव आधी काढा.

शेळ्यांचं म्हणाल तर तोंडाभोवती खपल्या दिसल्या तर तो मावा रोग, माणसाच्या हाताला लागतो. सशा-गिनी पिगकडून नायटा. अंगावर कुठे गोल टक्कल दिसतंय का ते बघायचं. बुळकांडी आणि आंत्रविषाराची लस झालेली असावी, ती शेळीच्या भल्यासाठी.

आयांची_रिक्षा
माझ्या मुलाला दमा आहे. कोंड्याचा, केसांचा त्रास होतो. त्याला काय करू? घरी ठेवू?

केळीचा_घड
ताई, आधी सगळ्या पालकांकडून चिठ्ठी लिहून घ्यायला सांगा. दमा, ॲलर्जी, भीती. अशा मुलांना बाहेरच्या बाजूला काम देता येतं. डहाळ्या बांधायच्या, करडांची नावं पाटीवर लिहायची. आमच्याकडे एका मुलाला रांग सांभाळायला दिली होती, तो हवालदारापेक्षा कडक निघाला.

चोपडा_पशुवैद्य
आणि शिबिरात कुणी गरोदर ताई मदतीला असतील तर त्यांनी नुकत्याच व्यायलेल्या शेळीपासून लांब राहावं. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू वार-पाण्यातून आणि कच्च्या दुधातून येतात. मुलांनाही गंमत म्हणून धारोष्ण दूध पाजू नका. हे आपल्याकडे हौसेने करतात.

वाघूरकाठ
धारोष्ण दूध पिऊन आम्ही मोठे झालो, डॉक्टर.

चोपडा_पशुवैद्य
जे झाले ते सांगायला आहेत.

रेल्वेकॉलनी
काल गाडीवाल्याशी बोलले. तुमच्या सांगण्यावरून सगळं विचारलं. पोपटाचा कागद? 'ताई, पोपटाला कसला कागद.' इग्वानाची नोंद? 'मालकाकडे आहे.' म्हणजे हे मालकच नाहीत. विश्रांतीला जास्तीचे प्राणी आणता का, विचारलं तर म्हणाले, 'दोन तासांत कसली विश्रांती?' सकाळी सातला या म्हटलं तर आदल्या रात्री येऊन गाडीतच मुक्काम करतील, त्याचे हजार जास्त.

समितीत वाचून दाखवलं. ज्या पालकांनी सुचवलं होतं ते थोडे हिरमुसले, पण पोपटाचं ऐकून त्यांनीच फोन करून नाही सांगितलं. आता पर्याय असा निघालाय की वाघूरकाठ भाऊंनी पहिल्याच दिवशी जे म्हटलं, ते खरंच जमेल का? मुलांना बसने तिकडे न्यायचं म्हणजे साठ मुलं आणि ऊन. त्यापेक्षा तुमच्या दोन शेळ्या आणि करडं सकाळी इथे आली तर?

वाघूरकाठ
जमेल की. दोन शेळ्या, चार-पाच करडं. दीड-दोन महिन्यांची झालेली आहेत, बाटलीवरचं एक तर माणसाच्याच मागे फिरतं. लस झालीये, मागच्याच महिन्यात. पावणेसातला पोचतो, साडेआठला निघतो, ऊन चढायच्या आत घरी. बोकड आणत नाही, वासाने मंडळी पळतील.

फिरतीवाला_धुळे
उत्तम. भाऊ, आईपासून करडं तोडून वेगळी ठेवू नका, सगळी ओरडत बसतील. मधे एक मोकळी जागा अशी ठेवा की करडं तिथे गेली की मुलांना जाता येत नाही. खाटा आडव्या लावल्या तरी भागतं. आणि ज्या करडाला शिंगं फुटायला लागलीत ते टकरा मारून बघणारच, लहान मुलं त्याच्या समोर नकोत.

रेल्वेकॉलनी ताई, पाण्याचा ड्रम तोटीवाला घ्या, बादली-मग नको. बादलीत सगळे हात बुडवतात. तोटीची उंची मुलांच्या मापाने, साबणाच्या वड्या जाळीच्या पिशवीत घालून तोटीला बांधा, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत चिखलात जातात. बाहेर पडायची वाट त्या ड्रमावरूनच जायला हवी, म्हणजे चुकवता येत नाही. भेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, हात धुतल्यानंतर. सकाळी भेळ कुणी खाणार नसेल तर पोहे करा, तेही तिकडेच.

आयांची_रिक्षा
शेळ्या असतील तर माझा मुलगा लांबून बघेल. त्याला पाटीचं काम द्या, अक्षर चांगलं आहे.

रेल्वेकॉलनी
दिलं. वाघूरकाठ भाऊ, पैशांचं सांगा. फुकट नको, तुमची सकाळ मोडणार, टेम्पो लागणार.

वाघूरकाठ
पैसे राहू द्या ताई. द्यायचंच असेल तर सरकीच्या ढेपेचं एक पोतं द्या.

रावेर_पट्टा
ढेपेचा भाव बघितला का आजचा? भाऊ हुशार निघाला.

वाघूरकाठ
अर्धं पोतं बी चाली.